नकाशातला कोरडा वाडा

आमच्या घरात पाणी किती चढतं, या प्रश्नाची आमच्याकडे कायम दोन उत्तरं असायची. घरातल्या घरात विचारलं तर जनेलाच्या चौकटीपर्यंत. बाहेरच्यानं विचारलं तर, पाणी? कसलं पाणी? जनेल म्हणजे खिडकी. आणि पुढे मी ‘वाडा’ म्हणेन तेव्हा चौसोपी, नक्षीच्या खांबांचं काही डोळ्यांपुढे आणू नका. गोव्यात वाडा म्हणजे गावातली एखादी वस्ती. आमचा वाडा म्हणजे नदीकाठची कौलारू घरं, मधून एक अरुंद वाट, आणि प्रत्येक घराला पुढे सोपो, म्हणजे बसायचा बांधीव कट्टा. त्या सोप्यावर माझं अर्धं आयुष्य गेलं. उरलेलं अर्धं कुठे गेलं ते मला अजून नीट सांगता येत नाही.

मुलं म्हणतात, बाबा ही गोष्ट सांगताना दर वेळी पाणी थोडं वर चढवतात. असेल. पण गोष्टीचा गाभा पाण्याच्या उंचीत नाहीच. पाणी येतं हे कुणाला सांगायचं आणि कुणाला नाही, यात आहे. आणि त्यात आम्ही सगळ्यांनी मिळून जो घोळ घातला, तो मला अजून पुरता उलगडलेला नाही.

गाव डिचोली तालुक्यातलं. वरच्या डोंगरात खाणी सुरू झाल्या तशी पावसाबरोबर मातीही नदीत उतरू लागली. नदी वर्षावर्षाला उथळ होत गेली आणि आम्ही मात्र होतो तिथेच बसून राहिलो. आषाढ-श्रावणात एकदोनदा तरी ती उठून घरात यायची. अर्धा दिवस राहायची, मग निघून जायची. तिची चाहूल लागली की आई कामाला लागे. आधी देव टोपलीत घालून वरच्या आळीतल्या घरी. मग तांदूळ माळ्यावर. मग गोधड्या, काड्यापेट्या, कपडे. माझे बाबा बाजारातल्या आमच्या दुकानात माल वर चढवत असायचे, त्यामुळे घरात पुरुष म्हणून मी. माझं काम असं होतं की मी सोप्यावर उभा राहून “दोन पायऱ्या राहिल्या”, “एक पायरी राहिली” असं ओरडत राहायचं. हे काम कुणी मला दिलेलं नव्हतं. पण मी ते मन लावून करायचो.

पाणी ओसरलं की भिंतीवर तांबडी रेघ राहायची. खाणीच्या मातीची रेघ ती, पुसून जात नाही. पण मग चवथ यायची. गणपतीआधी घराला रंग द्यायचा हा आमच्याकडचा रिवाज. गरिबातलं गरीब घरही चुन्यात चिमूटभर नीळ टाकून भिंती पांढऱ्या करतं. त्यामुळे गणपती यायचे तेव्हा आमचा सगळा वाडा नुकतीच आंघोळ केलेल्या माणसासारखा बसलेला असायचा आणि रेघेचा मागमूस नसायचा. त्यानंतर दुसरा आषाढ येईपर्यंत वाड्यात पाण्याचा विषय कुणी काढत नसे.

न काढायला कारण होतं. पाण्याच्या घरात मुलगी कोण देणार? आमच्या वाड्यातल्या प्रत्येक घरात कुणी ना कुणी लग्नाचं होतं, किंवा होणार होतं. तेव्हा एकमेकांचं पाणी झाकायचं, हा न बोलता झालेला करार होता. शेजारच्या भाईंचं आणि आमचं एका फणसावरून वर्षानुवर्षं बोलणं बंद होतं. फणस त्यांच्या हद्दीत आणि फणस पडायचे ते आमच्या अंगणात. पण आमच्याकडे कुणी पाहुणे येताहेत असा वास आला, की हेच भाई वाटेवर उभे राहून आमच्या घराची, उजेडाची, वाऱ्याची तारीफ करायचे. पाहुणे गेले की पुन्हा बोलणं बंद.

एवढं करूनही माझं दोनदा जुळता जुळता मोडलं होतं. पहिल्यांनी कळवलं की मुलीला पाण्याची भीती वाटते. दुसऱ्यांनी काहीच कळवलं नाही, ते त्या मानाने सभ्य. मी मराठी प्राथमिक शाळेत मास्तर होतो, कायम झालो होतो, आणि डोक्यावरचे केस मात्र कायम राहायला तयार नव्हते.

त्याच सुमारास गोवा राज्य झालं. राज्य झालं म्हणजे काय झालं हे आमच्या गावात कुणालाच धड माहीत नव्हतं, पण आता काहीतरी मागायला हरकत नाही एवढं सगळ्यांना कळलं. आमच्या गावाने बांध मागितला. नदीला बांध आणि बांधावरून रस्ता. त्यावर देवळाच्या मंडपात बैठका झाल्या. बाजारातल्या लोकांना रस्ता हवा होता आणि बांध चालणार होता. आमच्या वाड्याला बांध हवा होता आणि रस्ता चालणार होता. ट्रकवाल्यांना रस्ता रुंद हवा होता. कुळागरवाल्यांना, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागावाल्यांना, बांध हवा होता पण दुसऱ्याच्या कुळागरातून. एका बैठकीत तर बांधावर रस्ता की रस्त्याखाली बांध, यावर तास गेला आणि शेवटी दोन्ही एकच आहे हे लक्षात आल्यावर सगळे एकमेकांवर रुसले.

मग अर्ज. कोकणी राजभाषा झालेली, मराठीही चालेल असं ठरलेलं, आणि कशासाठी कुठली हे कुणालाच ठाऊक नाही. वाद नको म्हणून दोन अर्ज केले. मराठीतला मी लिहिला. कोकणीतला गावातल्या एका वकिलांनी. दोघांनी एकमेकांचा वाचला नाही, कारण वाचला असता तर पुन्हा वाद झाला असता. माझ्या अर्जात बांध नदीच्या उजव्या काठाला मागितला होता, मी वरून खाली बघत होतो. वकीलसाहेब बहुधा खालून वर बघत असावेत. त्यांनी डावा काठ मागितला. काठ एकच होता, पण सरकारदरबारी आम्ही दोन काठ मागितले.

असं सगळं चाललेलं असताना मांद्र्याहून आतेचा निरोप आला.

आते म्हणजे बाबांची बहीण, मांद्र्याला दिलेली. तिच्या शेजारातलीच मुलगी होती. मी तिला एकदा पाहिली होती, जत्रेला आतेकडे गेलो होतो तेव्हा. बालवाडीत शिकवायची. मी आपला मोठ्या मास्तराच्या थाटात शिकवण्याबद्दल काही सांगत बसलो होतो. ती ऐकत होती. मग म्हणाली, “तुम्ही मास्तर लोक ‘समजलं?’ विचारता आणि उत्तराची वाट न बघता पुढे जाता.”  त्यावरचं उत्तर मला घरी परत येताना फेरीबोटीत सुचलं, पण तोवर काय उपयोग. त्यानंतर वर्गात ‘समजलं?’ म्हटलं की मी थांबू लागलो. पोरं गोंधळून बघायची.

आतेचा निरोप असा होता: मुलीकडची माणसं गुपचूप कुणाला तरी पाठवून घराची चौकशी करणार आहेत. कधी येतील ते माहीत नाही. कोण येईल तेही माहीत नाही. सांभाळून राहा.

झालं. आईने सोप्यावरची धुणी आत घेतली. कदेल, म्हणजे लाकडी खुर्ची, बाहेर काढली. भाईंनाही, बोलणं बंद असताना, कुणाकडून तरी कळलंच. चवथ नुकतीच होऊन गेली होती, भिंती झगझगत होत्या, फराळाचा डबा भरलेला होता. चौकशीला याहून चांगली वेळ मिळाली नसती.

आणि ते आले. दोघेजण. एक पोक्त, छत्री आणि पिशवीवाला. दुसरा तरुण, वही घेतलेला. मी शाळेतून आलो तेव्हा ते सोप्यावर बसून नेवऱ्या, म्हणजे करंज्या, खात होते आणि आई त्यांच्या प्रश्नांना उत्तरं देत होती. घरात माणसं किती? घर स्वतःचं की भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीत? मागे विहीर आहे का? वाट एकच की दुसरीही आहे? शाळा किती लांब? आई म्हणाली, शाळा अगदी जवळ, आणि माझा मुलगा तिथेच मास्तर आहे, कायम झालाय. पगारही सांगितला. दारू-विडी काही नाही हेही सांगितलं. तरुण माणसाने लिहिता लिहिता वर बघितलं. पोक्त माणसाने खूण केली, लिही.

मी आत जाऊन शर्ट बदलला, केसांना पाणी लावलं आणि येऊन समोर बसलो. त्यांनी मला विचारलं, किती वर्षं इथे राहता. म्हटलं, जन्मापासून. त्यांनी मान हलवली. मला ते लक्षण चांगलं वाटलं.

मग पोक्त माणसाने पाण्याचा तो प्रश्न विचारला. “हांगा उदक येता?”

“उदक?” आई म्हणाली. “आमच्या दारात? नदी खंय, आमी खंय.”

नदी आमच्या मागच्या दारापासून हाकेच्या अंतरावर होती आणि त्या क्षणी ऐकूही येत होती. मीसुद्धा पुस्ती जोडली की नदी आम्हाला क्वचितच दिसते. हे खरं होतं, मधे भाईंचा फणस यायचा.

ते पुढच्या घरी गेले. मग त्याच्या पुढच्या. आम्हाला वाटलं, चोख माणसं आहेत, शेजारीपाजारीही विचारताहेत. आणि वाडा आमच्यामागे असा उभा राहिला की सांगता सोय नाही. एका घराने पाणी येत नाही म्हणून सांगितलं, दुसऱ्याने आमच्या आजोबांनीही कधी पाहिलं नाही म्हणून. भाईंनी तर कमाल केली. ते म्हणाले, पाणी येईल कुठून, उन्हाळ्यात प्यायला मिळत नाही अशी इथली परिस्थिती. संध्याकाळी त्यांनी कुंपणाशी येऊन आईला, फणसानंतर पहिल्यांदाच, सांगितलं, “वहिनी, काळजी करू नका. मी पुरता सुकवून ठेवलाय वाडा.”

त्यानंतर बरेच दिवस मांद्र्याहून काही आलं नाही. आले ते बाबा. बाजारातून, दुकान अर्ध्यात बंद करून. पंचायतीत बांधाचा नकाशा लागला होता. ते मला घेऊन गेले.

नकाशापुढे गर्दी होती. निळी नदी होती, तिच्या काठाने तांबडी रेघ होती, ती रेघ म्हणजे बांध. बाजाराच्या बाजूने ती नदीला धरून येत होती. आमच्या वाड्याजवळ आली आणि एकदम आत वळली, वाड्याच्या पुढून, देवळाच्या बाजूने गेली, आणि वाडा ओलांडून पुन्हा नदीकडे आली. आम्ही बांधाच्या बाहेर होतो. नदीच्या बाजूला. आणि आमच्या घरांवर बारीक अक्षरांत लिहिलं होतं, पूर येत नाही. पिण्याच्या पाण्याची टंचाई.

मला आधी काही कळेना. मी म्हटलं, म्हणजे आपल्याला नळ देणार की काय? बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी बोट नकाशावर ठेवून दाखवलं. बाजारात शिरणारं पाणी या रेघेला अडणार. अडलं की जाणार कुठे? बोट आमच्या घरावर थांबलं. आजवर जनेलापर्यंत यायचं ते पाणी आता कौलांपर्यंत यायला मोकळं झालं होतं, आणि सरकारी खर्चाने.

घरी येऊन आईला सांगितलं. ती निवडत होती ते तांदळाचं सूप तिने खाली ठेवलं. “म्हणजे ते दोघे...” एवढंच म्हणाली. मग सूप पुन्हा मांडीवर घेत, “तरीच म्हटलं, मुलीचं नाव कसं एकदाही काढलं नाही.”

बाबा आणि मी बांधाच्या सरकारी कार्यालयात गेलो. तो पोक्त गृहस्थ तिथे टेबलामागे बसला होता. ओव्हरसीर होता तो. मला बघताच म्हणाला की त्या दिवशी घरी जाऊन बायकोला सांगितलं, आपल्याला दोन मुली आहेत हे त्या गावात कुणी कळवलं कोण जाणे, एका मास्तराच्या आईने मला मुलाची सगळी माहिती दिली. बाबांनी खाली बघत खरा प्रकार सांगितला. माणूस चांगला होता, हसला, पण हसून झाल्यावर गंभीर झाला. त्याचं म्हणणं असं: एका घराने चुकीचं सांगितलं असतं तर समजू शकतो. अख्ख्या वाड्याने तेच सांगितलंय. आता अख्खा वाडा उलट सांगायला लागला तर वरचे लोक म्हणणार, बांधासाठी खोटं बोलतात. पुराच्या खुणा दाखवा. मी येऊन बघतो, रेघ बदलायला सांगतो. पण सोमवारपर्यंतच, नंतर नकाशा पक्का होऊन जाईल.

सोमवारी या, असं आम्ही म्हणालो आणि घरी आलो. घरी आतेचा निरोप वाट बघत होता. चौकशीबिकशी नको, असं मुलीच्या घरात ठरलं होतं. मुलीचे मामा आणि आत्या स्वतःच घर बघायला येणार होते. सोमवारी. दुपारी.

आमच्या घरात त्या रात्री जेवणं झाली पण कुणी काय जेवलं ते सांगता आलं नसतं. एका दिवसात घर सकाळी ओलं आणि दुपारी कोरडं करायचं होतं. सोमवार बदलायला ओव्हरसीरला सांगावं तर वाडा गेला. मांद्रेकरांना सांगावं तर, दोनदा मोडलेल्या मुलाकडून तिसऱ्यांदा दिवस पुढे ढकलला जातोय, म्हणजे काहीतरी आहे, असं होणार. मी म्हटलं, जाऊ दे लग्न. हे मी असं म्हटलं की कुणीतरी नाही म्हणावं. बाबा उठून हात धुवायला गेले. आईने ठरवलं: सकाळी साहेब, दुपारी पाहुणे. मधे केर काढायला वेळ आहे. वाड्यालाही तसं कळवलं. जेवणाआधी पाणी येतं, जेवणानंतर येत नाही. भाईंनी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

सोमवारी साहेबांची जीप वाटेत कुठेतरी बंद पडली. आणि मांद्रेकरांना चोपड्याची पहिलीच फेरीबोट मिळाली.

दहाच्या आधीच ते दारात. मामा धोतर-कोटातले, बोलायला मोजके. आत्या उंच, सरळ, घरात शिरण्याआधीच कौलांपासून पायऱ्यांपर्यंत सगळं बघून घेणारी. त्यांना सोप्यावर बसवलं, च्या, म्हणजे चहा, दिला, आणि च्या अजून संपला नव्हता तोच वाटेवरून ओव्हरसीर आणि त्याचा तरुण मदतनीस उंच पट्टी घेऊन आले. पाठोपाठ वाडा. वाड्याच्या हिशेबाने ही सकाळ होती, म्हणजे पाण्याची वेळ.

मामांना वाटलं, आमच्याकडचे कुणी वडीलधारे आले. त्यांनी उठून ओव्हरसीरला नमस्कार केला. ओव्हरसीरला वाटलं, वाड्यातलेच कुणी. त्याने त्यांनाच विचारलं, तुमचं घर कुठलं. मामा म्हणाले, मांद्र्याला. ओव्हरसीरने वही चाळली आणि तरुणाकडे बघितलं.

भाई कुंपणाशी उभे होते. सकाळ म्हणून त्यांनी तोंड उघडलं, सोप्यावर पाहुणे दिसले म्हणून मिटलं. मागची माणसं माझ्याकडे बघत होती. आम्ही जे सांगू तेच सगळे सांगणार होते.

ओव्हरसीर थेट मला म्हणाला, “मास्तर, एकदाच सांगा. हांगा उदक येता की ना?”

आत्याने कप खाली ठेवला.

मला सगळं दिसत होतं. नकाशातली ती वळलेली रेघ दिसत होती, मांद्र्याच्या अंगणात बसलेली ती मुलगी दिसत होती. उत्तर देण्याआधी थांबायचं हे मी तिच्याकडूनच शिकलो होतो आणि तेव्हा मी इतका थांबलो, की कुणीतरी खोकलं.

“येतं,” मी म्हणालो. “म्हणजे, नदीला येतं.”

कुणी हसलं नाही, हे जास्त वाईट होतं.

आई आत गेली. मला वाटलं, आता रडेल. ती बाहेर आली ती हातात लोखंडी उलथणं घेऊन. जनेलाच्या खाली गेली आणि चवथीचा तो पांढराशुभ्र चुना खरवडायला लागली. चुना पापुद्र्यांनी पडला. आत तांबडी रेघ. तिने आणखी खरवडलं. जुना चुना, निळसर, आणि त्याच्या पोटात दुसरी रेघ, थोडी खाली. मग आणखी एक. ती खरवडत राहिली आणि भिंत आतून अशी तांबड्या-पांढऱ्या पदरांची निघाली, आमच्याकडच्या थराथरांच्या केकसारखी, कापलेल्या बेबिंकेसारखी. सगळे उभे राहून बघत होते. ती भिंत मी रोज बघत होतो. तिच्यात एवढं साठलेलं असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

“साहेबा, माप घे,” आई ओव्हरसीरला म्हणाली. मग पाहुण्यांकडे वळली. पदराने हात पुसले. “माझी सून आली तर तिकाय दर पावसात हा सगळा उचलूचा लागतला. तेव्हा तिच्या माणसांनी आताच बघून घेवंदे.”

तरुणाने पट्टी लावली. भाई घरी गेले आणि थोड्याच वेळात त्यांच्या भिंतीवरही खरवडण्याचा आवाज येऊ लागला. मग पलीकडच्या घरातून. त्या सकाळी वाड्यात जिकडे तिकडे उलथणी चालत होती.

मामांनी च्या अर्धा ठेवला. आत्या उठली, आत गेली आणि माळ्याची शिडी हलवून बघितली. आईला विचारलं, वर तांदूळ किती मावतात, चूल वर पेटवता येते का, पाणी आलं की बाईमाणसानं मागच्या बाजूला जायचं कसं. आई एकेका प्रश्नाचं उत्तर देत होती. मी दोघींच्या मागून हिंडत होतो. कुणी मला काही विचारत नव्हतं. जाताना आत्या म्हणाली, कळवतो. हा शब्द मी याआधी दोनदा ऐकला होता.

नकाशा बदलला. तांबडी रेघ आमच्या वाड्याला वळसा न घालता नदीकाठानेच गेली. मागे टंचाईची नोंद तशीच राहिली, त्यामुळे पुढे एक नळही आला, ज्याला आजतागायत पाणी नाही. गावाने पेढे वाटले. मी दोन खाल्ले. पण मांद्र्याहून काहीच नव्हतं, आणि बांधाच्या आनंदात मी मोकळेपणाने सामील झालो की नाही, हे मला आठवत नाही. बाबा एकदा म्हणाले, बांध झाल्यावर पुन्हा विचारू. बांध व्हायला किती वर्षं लागतील हे त्यांनाही माहीत नव्हतं. तेव्हा नुसत्या खुंट्या मारल्या होत्या.

तुळशीचं लग्न झालं आणि आते स्वतःच आली. तिने बसायच्या आधी सांगितलं: मामांचं मत नाही. आत्याचं आहे. त्यांच्या घरात दोन तट पडलेत. आणि मुलीने एकच विचारलंय.

“काय?” मी.

“उदक येता तेव्हा हो कितें करता?”

म्हणजे मी. पाणी येतं तेव्हा मी काय करतो. आतेने माझ्याकडे बघितलं. बाबांनी बघितलं. मला पायऱ्या मोजणं आठवलं, पण ते उत्तर म्हणून पाठवण्यासारखं नव्हतं.

आई म्हणाली, “सांग, आजवर काही करत नाही. करूक लावूया.”

आतेने तसंच जाऊन सांगितलं. त्यात काय पटलं हे मला ठाऊक नाही. बायकोला मी अनेकदा विचारलं, ती म्हणते, तुझी आई खरं बोलली एवढंच. मग मी विचारतो, म्हणजे तू माझ्यासाठी आलीस की आईसाठी? त्यावर ती म्हणते, डाळ लागेल, बघ.

माघात लग्न झालं. बांधाच्या खुंट्या अंगणामागे तशाच उभ्या होत्या. आणि त्याच वर्षी आषाढात, शाळेला सुट्टी मिळालेल्या एका दुपारी, नदी आली. आई शिडीखाली उभी राहून म्हणाली, आधी तांदूळ वर. बायको माळ्यावर होती. तिने ओरडून सांगितलं, आधी गोधड्या, त्या भिजल्या तर आठवडाभर सुकत नाहीत, तांदूळ डब्यात आहेत. आई म्हणाली, डबा गळका आहे. बायको म्हणाली, मग गळका डबा वर कशाला, नवा घ्या. दोघींचंही बरोबर होतं. पाणी सोप्याच्या पायऱ्या चढत होतं आणि त्या मोजायला कुणी नव्हतं. मी एका हातात डबा आणि खांद्यावर गोधडी घेऊन शिडीच्या मधल्या पायरीवर उभा होतो, वर जावं की खाली, आणि दोघी एकाच वेळी मला म्हणत होत्या, “चल ना.”